आमच्या कॉम्प्युटरात कायम मे महिना

...नाही नाही, तुम्ही आधी मला सांगा, माझ्या पैशानं घेतलेला कॉम्प्युटर, माझ्या घरात, माझ्या टेबलावर, आमच्या हिनं शिवलेल्या झालरीच्या कव्हराखाली बसलेला, आणि तो मलाच इंग्रजीत, लाल चौकटीत दम देतो? 'तुमची मुदत संपली आहे!' माझी? चौतीस वर्षं भिंगारला लष्कराच्या ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क म्हणून काढली, किती ब्रिगेडियर आले नि गेले, कुणाची हिंमत झाली नाही रखमाजीला म्हणायची, की बाबा, तुझी मुदत संपली! रिटायर झालो तेव्हासुद्धा 'सेवापूर्ती' म्हणले हो, शाल दिली, पेढे दिले... आणि हे यंत्र! मुदत कसली, तर म्हणे अँटीव्हायरसची. दरवर्षी रिन्यू करायचं म्हणे. अहो, एकदा घेतलं की संपलं ना? कुलूपवाला दरवर्षी दारात येऊन म्हणतो का, 'काका, किल्लीचं वर्ष भरलं'?

तुम्ही म्हणाल, रिटायर माणसाला कॉम्प्युटर हवाच कशाला? यादीसाठी! आमच्या बौद्ध समाजाची वधू-वर यादी, अख्ख्या नगर जिल्ह्याची, ती माझ्याकडं. श्रीरामपूरपासून पारनेरपर्यंत दोनशे बारा नावं. आता आमच्यात पत्रिका बघत नाहीत. छपन्न सालानंतर ते गुण, तो मंगळ, ती नाडी, सगळं सोडलं, डोक्याचा ताप गेला. पण मग बघायला राहिलं काय? शिक्षण, नोकरी, उंची आणि वय. त्यातलं शिक्षण वाढवता येतं, नोकरी लागू शकते, उंचीचं कुणी मोजमाप घेत नाही... सगळं येऊन अडतं ते वयाच्या रकान्यात. लोक यादी हातात घेतात ती डावीकडून वाचतच नाहीत, थेट सहाव्या रकान्यावर बोट!

तर पहिल्यांदा मला व्हायरस हा प्रकार समजावला कानिफनाथ सरांनी. हे आमच्या भिंगारातले, आधी यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, मग मशिनं विकली, बोर्डावरच्या 'टायपिंग'वर पांढरा रंग मारला, वर 'कॉम्प्युटर' लिहिलं, झाला क्लास. मला म्हणाले, 'काका, लोकांच्या फ्लॉप्या घालता, एक दिवस यादी साफ होईल. अँटीव्हायरस घ्या.' म्हणलं घेतो. पण मी सरकारी माणूस! तीन कोटेशनं आल्याशिवाय मी घरात झाडूसुद्धा घेतलेला नाही. गेलो नगरला. चितळे रोडचा पहिला म्हणतो, 'हे न्या, अमेरिकन आहे, चार फ्लॉप्या, वर पुस्तक.' म्हणलं, कुठले कुठले व्हायरस पकडतं? 'सगळे!' सावेडीतला दुसरा म्हणतो, 'अमेरिकन नको हो काका, पुण्याचं घ्या, आपल्याकडचे व्हायरस आपल्याच माणसाला ओळखू येतात.' तिसरा महाभाग म्हणतो, 'दोन्ही टाका. एकाची नजर चुकली तर दुसरा आहेच!' घरी आलो, तक्ता मांडला, तीन प्रती काढल्या, कार्बन लावून, त्यावर शेरा लिहिला... बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी मेळावा समितीची एक फ्लॉपी घातली नि दोनशे बारा नावं गेली! मुली गेल्या, मुलं गेली, विधुर, घटस्फोटित, सगळे गेले, पडद्यावर नुसते चौकोन! दोन महिने बसून हातानं लिहिलेल्या फॉर्मांवरून परत टाइप केली हो मी ती यादी, मान अजून वळत नाही या बाजूला.

मग म्हणाल, आता तरी घेतलंच असेल. घेणारच होतो! तेवढ्यात कानिफनाथ सर आले एक सीडी घेऊन, कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली, त्यात अँटीव्हायरस, तीस दिवस चालणारं. किंमत शून्य. आता तुम्हीच सांगा, तीन कोटेशनं एकीकडं आणि शून्याचं चौथं एकीकडं, सर्वात कमी दराचं स्वीकारायचं हा नियम आहे, मी कोण तो मोडणार? टाकलं. तारीख एक मे एकोणीसशे सत्त्याण्णव. एकतिसाव्या दिवशी आली ती लाल चौकट. सरांना बोलावलं. त्यांनी खुर्चीत न बसता, उभ्या उभ्या, चार बटणं दाबली आणि कॉम्प्युटरची तारीख परत एक मे केली. चौकट गायब! म्हणलं, सर, हे चालतं? म्हणाले, 'काका, यंत्र ते. त्याला काय कळतंय!'

त्याला काय कळतंय! मला इतकं पटलं ते, की काय सांगू! तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, आंघोळ करून, बुद्धवंदना करून, मी कॉम्प्युटर लावायचो नि एक मे सत्त्याण्णव करायचो. जून आला, एक मे. ऑक्टोबर आला, एक मे. आमची ही, चांगुणाबाई, डिसेंबरात शाल पांघरून मागं येऊन उभी राहिली, म्हणती, 'भाईर थंडीनं दात वाजत्यात आन् तुमच्या डब्यात अजून मे महिनाच हाय व्हय?' म्हणलं, असू दे, त्याला काय कळतंय! आता बघा, हे सगळं जग दोन हजार साल येणार म्हणून घाबरलंय, बँका घाबरल्यात, विमानं घाबरलीत, आणि माझ्या कॉम्प्युटरला अजून पावणेतीन वर्षं आहेत!

पण गंमत पुढंच आहे. लोक माझ्याशी एकदम गोड वागायला लागले. घोडेगावच्या कडूबाई, मुलासाठी तीन वर्षं मुली बघतायत, त्या पिशवीभर वांगी घेऊन आल्या. म्हणलं, कडूबाई, कशाला? इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी येऊन म्हणतात, 'दादा, लई उपकार झालं. तोंडानं बोलत न्हाई मी, पर वळखलं म्या.' काय ओळखलं? मला वाटलं, यादीची छपाई सुबक झाली, तेच म्हणत असतील! पारनेरचा भीमा, त्याची मुलगी नर्स आहे, तो दर महिन्याला प्रिंट न्यायला यायचा तो नेमका दहा-बारा तारखेला. एकदा मी म्हणलं, भीमा, वीसला ये, कागद संपलाय. त्याचा चेहराच पडला. 'न्हाई न्हाई, सतराच्या आतच द्या. सतरानंतर पोरगी पंचविसाची हुती. एकला परत चोविसाची. तुमच्या इथं तशी पद्धत हाय न्हवं?' मी हसलो! मला वाटलं, याची चेष्टा चाललीय! अहो, त्या पोरीचा जन्म सतरा मेचा, ती बिचारी माझ्या कॉम्प्युटरात दर महिन्याला एक वर्षानं वाढत होती नि दर एक तारखेला लहान होत होती, आणि हे तिच्या बापाला कळलं, मला नाही! कारण काय, तर वय मी लिहीतच नव्हतो. सरांनी सोय करून दिली होती, जन्मतारीख घाला, आजच्या तारखेवरून वय तो आपोआप काढील. आजच्या म्हणजे त्याच्या आजच्या! पावणेदोन वर्षं जिल्ह्यातलं एकही पोरगं, एकही पोरगी वयानं वाढली नव्हती, आणि सगळा समाज मला मनातल्या मनात दुवा देत होता.

हे मला कळलं कधी? ऐका. माझी वृषाली. हायस्कुलात गणित शिकवते. तिला त्याआधी सहा जण पाहून गेले होते. प्रत्येक वेळी नकाराचं पत्र आलं की पोरगी चहा टाकायची, मला द्यायची नि म्हणायची, 'बाबा, साखर बरोबर आहे ना?' एवढंच. मी म्हणायचो, बरोबर आहे, नि कप संपवायचो हो. यंदा फेब्रुवारीत सातवं स्थळ आलं श्रीरामपूरचं. मुलगा सचिन, पाटबंधारे खात्यात. वडील निवृत्त मुख्याध्यापक, सगळे गुरुजीच म्हणतात त्यांना. आई छबूबाई. जय भीम झालं, पोहे झाले, आणि तुम्हाला सांगतो, वृषाली नि सचिन बोलायला लागले नि मला कळलं, हे जमणार. कालव्याच्या पाण्याचं गणित असं काय असतं कुणाला ठाऊक, पण दोघं त्यावर हसत होती! सहा वेळा मान खाली घालून बसलेली माझी पोरगी हसत होती.

आणि गुरुजींनी खिशातून माझीच यादी काढली. सहाव्या रकान्यावर तांबडी पेन्सिल. 'बाळ, वय किती?' वृषाली म्हणाली, 'सत्तावीस पूर्ण.' गुरुजींनी चष्मा खाली केला. 'इथं पंचवीस छापलंय, रखमाजी.'

चौतीस वर्षांत माझा एक जावक क्रमांक चुकला नाही, आणि स्वतःच्या मुलीच्या वयात दोन वर्षांची चोरी? तीही छापून? चांगुणा आतून, 'काय झालं वो, काय झालं वो?' वृषालीनं शांतपणे गुरुजींच्या हातातून यादी घेतली, सचिनच्या नावावर बोट ठेवलं. 'गुरुजी, यांचं वय इथं सत्तावीस आहे. यांचा जन्म कधीचा?' सचिन प्रामाणिक, म्हणाला, 'जानेवारी सत्तर.' 'म्हणजे एकोणतीस,' ही म्हणाली, 'म्हणजे चूक एकाची नाही, सगळ्यांची आहे.' उठली, झालर बाजूला केली, कॉम्प्युटर लावला, कोपऱ्यातली तारीख वाचली, नि माझ्याकडं वळून शाळेतल्या आवाजात म्हणाली, 'बाबा, मे सत्त्याण्णव?'

मी सांगून टाकलं सगळं. सीडी, शून्याचं कोटेशन, लाल चौकट, सगळं. म्हणलं, गेलं हे स्थळ, माझ्या कंजूषपणानं गेलं, आता पोरगी परत चहा टाकणार... तर छबूबाई पदरानं तोंड पुसत म्हणतात, 'आवो, आमाला ठावंच हुतं की! आमच्या सचिनचं वय आमाला ठावं नसंल व्हय? आमाला वाटलं, रखमाजीभाऊंनी समाजासाठी मुद्दाम केलं!' गुरुजींनी एकदम पंख्याकडं बघितलं. मुख्याध्यापक! स्वतःच्या मुलाची दोन वर्षं गिळून माझ्या मुलीची तपासायला आले होते! सचिन हसला, मग वृषाली हसली, मग गुरुजीच म्हणाले, 'मुलगी हिशोबाला चोख आहे. आम्हाला पसंत आहे.'

मला रडूच आलं. आनंदानं म्हणलं, गुरुजी, तुमच्या साक्षीनं सांगतो, उद्याच्या उद्या नगरला जातो, सर्वात महागडं अँटीव्हायरस आणतो, दरवर्षी रिन्यू करतो, तारीख बरोबर करतो, यादी खरी करतो! सगळ्यांनी माना डोलावल्या. छबूबाईंनी मात्र कपबशी खाली ठेवली.

'थांबा भाऊ. आमाला हुंडा नको. मानपान नको. लगीन विहारात साधं करू. पर आमची एक अट हाय.' मी म्हणलं, बोला. 'आमची धाकटी, दीपा, तुमच्याच यादीत हाय. एकशे अठ्ठेचाळीस नंबर. तेवीस वर्षं. तिचं जमंस्तवर त्या डब्याची तारीख हलवायची न्हाई.'

मी गुरुजींकडं बघितलं, आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस, ते परत पंख्याकडं! मी वृषालीकडं बघितलं. म्हणलं, ही तरी सांगेल, ही गणिताची आहे. ती सचिनकडं बघत होती. म्हणती, 'बाबा... एकदोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे.'

मार्चात लग्न झालं. पोरगी सुखात आहे, जावई सोन्यासारखा, माझी काही तक्रार नाही. पण आज डिसेंबर आहे, आणि दीपाचं अजून जमलेलं नाही! मनाला लागलं होतं म्हणून तेव्हाच अँटीव्हायरस आणून ठेवलंय, खरं, पावतीचं, कपाटावर, डबा उघडलेला नाही. आणि परवा त्या दुकानदाराचं कार्ड आलं, 'काका, वर्ष संपत आलं, रिन्यू करा.' केलं! न उघडलेलं अँटीव्हायरस रिन्यू करणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा असेन. आणि इकडं फुकटच्या सीडीवर रोज जीव टांगणीला, सत्त्याण्णवच्या मेनंतरचा एकही व्हायरस त्याला ओळखता येत नाही, एखादी फ्लॉपी आली नि परत दोनशे बारा नावं गेली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? त्याला काय कळतंय म्हणे! मला कळतंय ना!

म्हणून तुम्हाला हात जोडून विचारतो, तुमच्या पाहण्यात आहे का एखादा चांगला मुलगा? नोकरीचा, निर्व्यसनी? मुलगी फार गुणी हो, बीए बीएड, स्वभाव शांत, घरची माणसं एकदम सरळ... काय? वय?

तेवीस. अहो, खरंच तेवीस. छापील आहे!