शांतता गुरुवारवर गेली

नोव्हेंबर १९४४. आमच्या ओहायोतल्या कॉलेजात टपालाच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्या पुढ्यात व्हर्ना आणि लोइस. इतिहासाच्या वर्गाची लुटुपुटीची शांतता परिषद जिमखान्यात चालली होती. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा व्हर्नाच्या वाट्याला जर्मनी आला होता आणि लोइसच्या वाट्याला पोलंड.

"कालही तहावर सही झाली नाही, तुझ्यामुळे," लोइस म्हणाली.

"माझ्यामुळे? मी जर्मनी आहे बाई, हरायला कधीची तयार बसलेय. तूच अडून बसलीस."

"मला समुद्रकिनारा हवाय."

"सोमवारीच दिला की."

"नकाशावर पेन्सिलीनं दिलास. शाईनं दे."

"देतच होते. तेवढ्यात आपल्या कॉलेजात प्रशिक्षणाला ठेवलेली नौदलाची पोरं आली, कवायतीला जिमखाना हवा म्हणून. सर म्हणाले, शांतता आता पुढच्या गुरुवारी."

"गेल्या गुरुवारीही तेच म्हणाले होते."

"युद्धाला जागा लागते गं."

"आणि फ्रान्स कुठे होती काल?"

"तिचे केस ओले होते."

"व्हर्ना, तुझ्या भावाचं पत्र आलंय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"फोड ना लवकर. कुठे आहे म्हणतोय?"

"कसं कळणार? लष्कराच्या सेन्सॉरनं कात्री चालवून नुसती जाळी केलीय. एकच ओळ उरलीय."

"वाच की."

"'तुमची शांतता कधीची ठरली, ते लगेच कळव.'"



"व्हर्ना, गुरुवार लिही. आणि पोलंडला पेन्सिल चालेल म्हणावं."