काल्याला उशीर आणि भागुजीची साखर

अध्यक्षसाहेब, गेल्या वर्षी याच मंडपात, भर दुपारी, माइक हातात धरून तुम्ही एका माळकऱ्याचा जीव घ्यायला निघाला होतात! नाव घेत नाही तुमचं. खाली बघू नका, सतरंजीवर काही लिहिलेलं नाही! आणि मीही त्या पापात होतो, तेव्हा माझं मी आधीच कबूल करतो.

मंडळी, ऐका! प्रश्न साधा आहे. देवाच्या दारात जेवण शिजून तयार, आणि एक माणूस भुकेनं मरायला टेकला — तर पाप कुणाचं? त्याचं? की पंगत अडवून धरणाऱ्याचं? त्या दिवसाची जी गोष्ट गावात फिरते ती खोटी आहे. खरी मी सांगतो.

काल्याचं कीर्तन. बाराला हंडी, लगेच पंगत — पत्रिकेत तुम्हीच छापलं होतं ना? मृदंगावर भागुजी आवटे. त्याला साखरेचा आजार, पोरवयापासूनचा. आमटीचा वास मंडपात आला, घड्याळात पावणेबारा झाले, तसा तो पडद्याआड गेला आणि पोटात इन्सुलिन टोचून परत येऊन बसला. टोचल्यावर अर्ध्या तासात ताटावर बसायचं, हा त्याचा नेम.

आणि अध्यक्षसाहेब, तुमची चिठ्ठी आली! 'आमदारसाहेब निघालेत. हंडी त्यांच्याच हस्ते. महाराज, ओढा.'

ओढा? कीर्तन म्हणजे काय उसाची गाडी आहे? पण मी ओढलं हो! पुढच्या वर्षीचं बोलावणं चुकू नये म्हणून ओढलं!

आता भागुजीच्या पोटात काय चाललं होतं ते बघा. जठराच्या मागं स्वादुपिंड नावाचं एक पिंड असतं. तिथून दोन कामगार निघतात. पहिला इन्सुलिन. तुम्ही जेवलात, रक्तात साखर वाढली, की हा शरीरातली दारं उघडतो — 'घ्या, साखर आत घ्या!' उरलेली यकृताच्या कोठारात ठेवतो. दुसरा ग्लुकागॉन. साखर उतरली की हा कोठाराचं कुलूप काढतो — 'सोडा बाहेर, मेंदू उपाशी आहे!' एक भरणारा, एक काढणारा. साखर चढली की पहिला, उतरली की दुसरा. दोघांत भांडण नाही, सत्कार नाही, हारतुरे नाहीत! आणि कुठल्या साहेबाची वाट बघत ते बसत नाहीत!

भागुजीचा पहिला कामगार कधीचाच गेला, म्हणून बाहेरून टोचायचं. पण आतलं इन्सुलिन साखर उतरली की हात आखडतं. टोचलेल्याला थांब म्हणणारं कुणी नाही! जेवण येवो न येवो, ते रक्तातली साखर काढतच राहतं. आणि इतक्या वर्षांच्या आजारात दुसराही सुस्तावतो. कोठार आहे, पण कुलूप काढायला कुणी धावत नाही!

एक वाजला. भागुजीची थाप मागं पडली. तीस वर्षांत सम न चुकलेला माणूस! आणि मी इथून काय म्हणालो? 'काय मृदंगाचार्य, मन आमटीत पडलं वाटतं!' मंडप हसला. मीही हसलो. कसला हसलो मी!

सदरा घामानं चिंब. बोटं थरथरतायत. म्हटलं, 'भागुजी, बरं आहे ना?' तर माझ्यावरच खेकसला — 'कोण भागुजी?' आणि पखवाजावर कलंडला.

अध्यक्षांनी माइक ओढला. 'पिऊन आलाय! काल्याच्या दिवशी पिऊन आलाय! उचला, बाहेर टाका!'

बायकांतून कौसाबाई उठली, त्याची बायको. टाळकऱ्यांना बाजूला सारत आली. 'प्यालेलं न्हाईत वो! साखर उतरलीया! गोड द्या काय तरी!'

एक कार्यकर्ता शहाणा, आडवा आला. 'वहिनी, साखरवाल्याला साखर? मारताय का त्यांना?'

ही आपली अक्कल, मंडळी! आजाराचं नाव ऐकलं की गोडाची वाटी काढून घ्यायची. अरे, चढलेली साखर वर्षानुवर्षं पोखरते, पण इतकी उतरलेली साखर घटकाभरात माणूस नेते! त्याला त्या क्षणी साखरच लागते!

कौसाबाईनं देवापुढची साखरेची वाटी उचलली. 'नैवेद्य आहे तो! हंडी फुटली नाही अजून!' चारी बाजूंनी ओरडा.

'देव थांबंल! माझा धनी न्हाई थांबायचा!'

तांब्यात साखर ढवळली, त्याचं डोकं छातीशी धरलं. शुद्ध होती, गिळता येत होतं. 'गिळा. गिळा म्हणते ना!' घोट... घोट... पंधरा मिनिटांनी त्यानं डोळे नीट उघडले. पहिला शब्द काय? 'महाराज, सम चुकली का वो माझी?'



आमदारसाहेब अडीचला आले. हंडी फोडली, फोटो निघाला. आणि गावोगाव झालं — आवटे मृदंगवाला दारुडा! वर्षभर एका सप्ताहाचं बोलावणं नाही त्याला. जीव कौसाबाईनं वाचवला. अब्रू कोण वाचवणार?

आणि मंडळी, तुम्ही हसू नका! तुमच्या घरात सून साखरेच्या आजाराची गोळी घेऊन पुरुषांची पंगत उठायची वाट बघत बसते. तिचे हात थरथरले की म्हणता, कामाचा कंटाळा! आज घरी गेल्यावर पहिलं ताट तिचं वाढा.

भागुजी इथं माझ्या डाव्या हाताला बसलाय. या गावात पाय ठेवायला तयार नव्हता, मी हाताला धरून आणलाय. आत्ताच जेवलाय — तुमच्या हंडीच्या आधी, मी वाढलं! पखवाजाला कणीक लागलीय, वाजायला तयार आहे. पण आधी दारुडा शब्द परत घेतला जाईल, मगच थाप पडेल. माइक तोच आहे, अध्यक्षसाहेब. उठून माफी मागताय की नाही? आत्ता, सगळ्यांदेखत — बोला!