बशीतली गोळी

…नाही, पण मला एक सांगा, दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, खोकला नाही, तीन जिने चढले तरी धाप नाही, आणि तरी म्हणे मला आहे! काय आहे? तर कोलेस्टेरॉल आहे! अहो, असेल! असतं माणसाला! पण हातात एक कागद देतात, त्यावर एक आकडा ठळक, त्याच्यापुढे वर तोंड केलेला बाण, आणि कालपर्यंत धडधाकट असलेली बाई आजपासून पेशंट! मला काही होतंय का? काऽऽही नाही!

मी कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई दिवसभर सोफ्यावर बसून बिस्किटं खाते. मी गाडी शिकवते. ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं. स्कूल म्हणजे काय, एक छोटी गाडी, तिच्या डोक्यावर पाटी, आणि शिकणाऱ्याच्या शेजारी मी. माझ्या पायाशीपण एक क्लच आणि एक ब्रेक असतो. लोकांना वाटतं, हिला काय काम, नुसतं बसायचं! बसा की मग! समोरून ट्रक येतोय आणि शिकणारी बाई दोन्ही हात सोडून माझ्याकडे वळून विचारते, "मॅडम, वायपर कुठला हो?" आता बोला! इतकी वर्षं हे सोसून माझं हृदय जागेवर आहे, याहून मोठी तपासणी असते का कुठे?

पण आमच्या ह्यांच्या छापखान्यात निघाली आरोग्य तपासणी. कामगारांची, वर बायकोपण फुकट. हे तिथे मुद्रितशोधक आहेत, म्हणजे लोकांनी लिहिलेल्यातल्या चुका शोधायच्या, आणि घरी आल्यावर चालू ठेवायच्या. बरं, हे बोलणार किती? दिवसाला मोजून चार वाक्यं, त्यातलं एक "मीठ दे." तर माझा रिपोर्ट आला, ह्यांनी चष्मा चढवला, वरून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "अगं, यात चूक आहे." मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं बघा, आकडाच चुकला! तर म्हणतात, "कोलेस्टेरॉलमधली एक मात्रा राहिलीय."

आणि आकडा? "आकडा बरोबर दिसतोय."

गेलो डॉक्टरकडे. आता डॉक्टर कोण निघावी? माझीच शिकाऊ! पाटीवरचं नाव वाचून मला काही कळलं नाही, आत गेले तर ही! अहो, ही पोरगी चढावर गाडी हमखास बंद पाडायची. गाडी मागे घरंगळतेय, मागचा माणूस शिव्या देतोय, आणि ही स्टिअरिंगला मिठी मारून रडतेय, "मॅडम, मला नाही जमणार!" तेव्हा मी म्हणायचे, "जमतं गं, मी आहे ना शेजारी!" तीच आता पांढरा कोट घालून समोर! मला कळेना, हिला अगं म्हणू का अहो म्हणू. शेवटी म्हटलं, "अगं डॉक्टर, तुम्ही सांग, मला काही होतंय का? काही नाही!"

हसली. म्हणाली, "मॅडम, घाई नाही. तीन महिने खाणं सांभाळा, रोज चाला, मग पुन्हा बघू." बघा! घाई नाही म्हणाली! मी तर खूश!

खूश कसली… तीन महिने! लोणी बंद, चीज बंद, तळलेलं बंद, आणि सकाळी उठल्या उठल्या ओट्सची लापशी. तुम्ही खाल्लीये? ज्यांनी खाल्लीये त्यांना मी काय सांगू, आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांचं भलं होवो! खळ असते ती, खळ! पण तुम्हाला खरं सांगू? पहिल्या दिवशी मी वाडगा घेऊन बसले, तर समोर ह्यांचाही वाडगा. म्हटलं, "अहो, तुम्हाला कशाला? तुमचा रिपोर्ट तर चोख!" हे आपले खात राहिले. आणि चालायला जाताना दारात बघते तर हे बूट घालून उभे. हा माणूस कोपऱ्यावर पेपर आणायला स्कूटर काढणारा! पण तीन महिने चालला माझ्याबरोबर, तोंडातून शब्द नाही. मी एकटीच बोलत होते, म्हणजे नेहमीसारखंच.

आणि इकडे ताई! माझी मोठी बहीण. तिचा फोन रोज. "हे बघ, गोळीबिळी अजिबात घ्यायची नाही हं! एकदा धरली की सुटत नाही! माझ्या शेजारणीच्या नणंदेनं घेतली, तिचे पाय गेले!" म्हटलं, "गेले म्हणजे?" "म्हणजे दुखायला लागले गं! तू आपली रोज उठून लसणाच्या पाकळ्या चाव." चावल्या! ताईचं ऐकावंच लागतं. आई गेल्यावर तिनंच माझ्या वेण्या घातल्यात, तिला नाही कसं म्हणणार? पण बंद गाडीत, काचा वर, आणि मी लसूण खाऊन शिकाऊच्या शेजारी! एक जण पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, आज काचा उघड्या ठेवून शिकवाल का?"

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. आणि आकडा? हलला. म्हणजे कसा हलला, झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तसा! थोडा खाली सरकला आणि पुन्हा पसरला. मी तर चिडलेच! डॉक्टरला म्हटलं, "मी एवढी खळ खाल्ली ती काय भिंतीला पोस्टर चिकटवायला? आणि मुळात मला काही होतंय का? काही नाही!"

ती म्हणाली, "मॅडम, तुमचे वडील कशानं गेले?"

म्हटलं, "अचानक."

"अचानक हा आजार नाही, मॅडम."

बाबा बस चालवायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली. एक दिवस ड्युटीवर निघाले, दाराशी बसून बूट घालत होते, एक पायात, एक हातात, आणि तसेच भिंतीला टेकले. बस्स. ताईला वाटलं पेंगलेत. आदल्या दिवशी आमच्याशी पत्ते खेळले होते, हरल्यावर भांडले होते. त्यांना काही होत होतं का हो? काही नाही…

हे वाक्य तिच्यासमोर मी मोठ्यानं म्हटलं, आणि पहिल्यांदाच मला ते ऐकू आलं.

आणि त्या वेळी बाबांचं जे वय होतं, ते माझं मागच्याच वर्षी सरलं. मी वयानं माझ्या बापापेक्षा मोठी झाले! विचित्र वाटतं. आरशात बघताना वाटतं, विचारायचं कुणाला आता, पुढचा रस्ता कसा आहे ते?

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. बाहेर खोकणारे लोक ताटकळलेत, तरी उठली नाही. मग म्हणाली, "तुमचं खाणं वाया गेलं नाही, ते चालूच ठेवायचं. पण तुमच्या घरात हे रक्तातून आलेलं दिसतंय, ते नुसत्या लापशीला ऐकणार नाही. मी खरं सांगते, गोळी घेणाऱ्या सगळ्यांनाच तिचा उपयोग होतो असं नाही. काहींना न घेताही काही झालं नसतं. काहींचा मात्र जीव वाचतो."

"मग मी कुठल्यातली?"

"ते आधी कळत नाही. तेच कळलं असतं तर माझं काम किती सोपं झालं असतं! पण वडिलांचं ऐकून मला वाटतं, तुम्ही घ्यावी. ठरवा मात्र तुम्ही." आणि हळूच म्हणाली, "मी आहे ना."

माझीच पोरगी, माझंच वाक्य मला ऐकवते! आणि मी, जी कुणासमोर रडत नाही, ती रुमाल शोधतेय!

तर गोळी आली घरी. सकाळी बशीत काढली, पेला भरला, आणि म्हटलं आधी तो पाकिटातला कागद वाचू. वाचायला नको होता! घडी उलगडतेय, उलगडतेय, चादरीएवढा झाला तो! त्यात काय नाही? पाय दुखतील, पोट बिघडेल, डोकं धरेल, झोप उडेल, गरगरेल… हे खांद्यावरून वाचत होते, म्हणाले, "'स्नायू' दोनदा छापलंय." तेवढ्यात खाली हॉर्न! माझा शिकाऊ येऊन उभा! पळाले.

आणि अर्ध्या वाटेत सुरू झालं की! आधी डावी पोटरी. मग मांडी. मग पोटात असं गुडगुड! डोक्यात ठणका! शिकाऊ म्हणतोय, "मॅडम, इथे वळू?" मी म्हणतेय, "वळ बाबा, घरीच वळ!" त्याला वाटेत उतरवला, कसंबसं घर गाठलं, सोफ्यावर पाय वर टाकून ताईला फोन, स्पीकरवर, कारण फोन धरायलाही हात उचलेना! "ताई, सुरू झालं गं!" "मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? पायाला पट्टी बांध!" डॉक्टरला निरोप पाठवला, 'मला गोळी बाधली, लवकर फोन कर.' पट्टी बांधली. कण्हत पडले.

दुपारी हे जेवायला आले. स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तर हातात बशी.

म्हणाले, "अगं, ही इथेच आहे."

गोळी! बशीत! गोल, पांढरी, माझ्याकडे बघतेय! घेतलीच नव्हती मी! हॉर्न वाजला आणि मी तशीच धावले होते!

आणि तो पाय… एवढा लबाड पाय! बघता बघता मोकळा! पट्टी बांधलेली, पण आत दुखतंय कुठे? फोन अजून चालूच होता. ताई तिकडून म्हणते, "बघ! नुसती बशीत राहून एवढं करते, तर पोटात गेल्यावर काय करेल!"

मग डॉक्टरचा फोन. सांगावं लागलं खरं. आधी खोऽखो हसली. मग म्हणाली, "मॅडम, दुखलं ते खोटं नव्हतं, भीतीनंही दुखतं. आता घेऊन बघा. आणि खरंच दुखलं तर मला कळवा, गोळी बदलू, कमी करू, बंद करू. तुम्हाला कुणी बांधून ठेवलेलं नाही."

फोन ठेवला. बशी समोर. मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुम्ही एकदा तरी सांगा, घेऊ का नको? ताई बोलते, डॉक्टर बोलते, तुम्ही काहीच बोलत नाही!"

बराच वेळ पेल्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "ती लापशी मला एकट्याला जाणार नाही."

बस्स. एवढंच. त्या दिवसाचं त्यांचं चौथं वाक्य असावं. मी गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्याले.

आणि झालं काय? तुम्हाला सांगते, काऽऽही नाही! कुठे दुखलं नाही, खुपलं नाही. पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा असा उतरला, असा उतरला, की डॉक्टर खुर्चीतून उठून माझ्या गळ्यात पडली. आणि म्हणाली, रक्तातलं आहे, बहिणीलाही तपासायला सांगा. मी सांगितलं. ताई फणकारली, "मला काय धाड भरलीये?" आणि आठवड्याभरानं तिचा फोन, आवाज एकदम बारीक… "ऐक ना गं… तुझी ती गोळी… जेवणाआधी घेतात का नंतर?" माझ्याहून वरचा आकडा निघाला तिचा! मी हसले नाही. शप्पथ! फोन ठेवून देवाचे आभार मानले, की बाईनं वेळेवर विचारलं.

त्याच संध्याकाळी ह्यांना छापखान्यातून आणायला गेले. मनात आलं, आपण जगाला ओरडून सांगतो, पण ज्याचे आभार मानायचे त्याच्याशी कधी बोललो? सिग्नलला गाडी थांबली. मी त्यांच्याकडे वळले. म्हटलं, "अहो, ऐका. मी आयुष्यभर बडबडले, पण हे कधी बोलले नाही. तुम्ही चाललात, ती खळ खाल्लीत, एका शब्दानं जबरदस्ती केली नाहीत. तुमच्यासारखा माणूस मिळाला हे माझं भाग्य आहे हो!" डोळे भरलेले…

हे माझ्याकडे बघत राहिले. हळूच माझ्या हातावर हात ठेवला. आणि म्हणाले,

"हिरवा झालाय."

काय करता! टाकला गिअर.