वीस मिनिटांचं विंडोज

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"काका, मशीन जुनं झालंय. आताचं विंडोज त्याला झेपत नाही. लिनक्स टाकतो, हलकं आहे."

"लवकर सुरू होईल?"

"वीस सेकंदांत. वर फुकट, व्हायरसची कटकटही कमी. फक्त तुमचा जुना प्रिंटर त्यावर चालेलच असं नाही. विंडोजवर चालतो."

"प्रिंटर गेला खड्ड्यात. टाक लिनक्स."

"थांब रे बाबा. आत्ता सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात ना, तेवढा वेळच हे माझ्याशी बोलतात. परवा तर माझ्या गुडघ्याची चौकशी केली."

"मग काका, काय करू?"

"विंडोजच राहू दे. प्रिंटर लागतो मला."