रामराव अढाऊ यांच्या रेडिओच्या आतले काम

जबाब

नाव : सौ. नीलम दिलीप गुल्हाने
वय : ४६ वर्षे
व्यवसाय : शेती व फुलविक्री
राहणार : तिवसा, जि. अमरावती

मी वरील नावाची स्त्री आज पोलीस स्टेशनला स्वतः हजर आहे. करिश्मा केशवराव राऊत, रा. अमरावती यांनी मुकुंद बिजवे यांच्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीबाबत मला विचारपूस करण्यात आली, त्यावरून माझा जबाब सांगते की,

मी व माझे पती तिवसा शिवारात झेंडू, शेवंती व निशिगंधाची शेती करतो. मोझरीच्या आश्रमात दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी रस्त्याच्या कडेला आमचे हार-फुलांचे दुकान आहे. दुकानात मी बसते.

रामराव अढाऊ हे माझे सख्खे मामा. ते एसटीत ड्रायव्हर होते. गाडी मुक्कामी ज्या गावाला जाईल तिथे ते जुने रेडिओ शोधत. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या भंगारातून, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यातून त्यांनी रेडिओ आणला होता. सगळे व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेचे दिवे असलेले, लाकडी पेटीचे. रिटायर झाल्यावर ते तिवशाला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा घरातले सामान एका फेरीत आले व रेडिओंना ट्रकच्या दोन फेऱ्या लागल्या. मामी तेव्हा हयात होत्या. त्यांनी त्याबद्दल मामांना वर्षभर ऐकवले.

पुढे मामी वारल्या. मामांचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी त्याला मोठे नाव सांगितले होते, ते मला आठवत नाही. हातात सोल्डरिंगचा दांडा धरता येईना तेव्हा मामा खुर्चीवर बसून सांगत व मी करत असे. दुपारी दुकानावर गिऱ्हाईक नसले की मी तिथेच असायची. आधी मी फक्त तारा जोडत होते. मग कोणता भाग जळाला, कोणता नुसता सैल झाला, हे मला आवाजावरून कळू लागले. माझे शिक्षण दहावीपर्यंत आहे. रेडिओचा कोर्स मी केलेला नाही. मामांनी शिकवले तेवढेच येते, पण ते पक्के येते.

रेडिओ पाहायला लोक येत. कोणी कौतुक केले की मामा म्हणत, "हे माह्या भाचीनं केलं." लोकांना वाटे मामा लाडाने बोलतात. मी चहा ठेवायला आत जात असे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मामा वारले. त्यांचा एकुलता मुलगा शेखर नाशिकला कंपनीत नोकरीला आहे. तेरवी झाल्यावर तो त्या खोलीत बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला की, घर विकावे लागेल, रेडिओ नाशिकला नेऊन ठेवायला माझ्याकडे जागा नाही, भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही, तूच वीक. पैसे त्याचे, विकायचे काम माझे, असे आमचे तोंडी ठरले. त्याप्रमाणे मी दर रविवारी मामांच्या अंगणात रेडिओ विकायला मांडू लागले.

विकण्याची रीत मी ठरवली. घेणाऱ्यासमोर रेडिओ लावून दाखवायचा. त्यात काय मूळचे व काय बदललेले, हे न विचारता सांगायचे. भाव सगळ्यांना एकच. एका मास्तरांनी एक सुंदर रेडिओ पसंत केला होता. त्याचे बटण मामांनी सागाच्या लाकडातून घडवले आहे, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले की, मग तर हाच द्या. एका बाईंना मी सांगितले की हा रेडिओ पावसाळ्यात खरखरतो. त्यांनी तो घेतला नाही. माझे पती दिलीप त्या दिवशी म्हणाले, "तू विकून राहिली का वापस पाठवून राहिली?" पण रीत मी बदलली नाही. मामांनी कोणाला खोटे सांगून रेडिओ दिला असे मी कधी पाहिले नव्हते.

मुकुंद बिजवे हे अकोल्याचे जुन्या वस्तूंचे व्यापारी आहेत. ते एका रविवारी तिवशाला आले व त्यांनी मोठा रेडिओ पसंत केला, जो आज या गुन्ह्यात जप्त आहे. त्याची पेटी परदेशी बनावटीची आहे. मामांना ती बडनेऱ्याच्या बाजारात मिळाली तेव्हा आत उंदरांनी घर केले होते. एकही भाग कामाचा नव्हता. आतील सर्व जोडणी मामांच्या देखरेखीखाली मी नव्याने केली. त्यासाठी दोन मोडक्या देशी रेडिओंचे भाग वापरले. हे मी बिजवे यांना पेटीची मागची फळी काढून दाखवले. माझे पती तिथे हजर होते. बिजवे म्हणाले, "आतलं कोन पाहते ताई, लोक पेटी पाहतात." त्यावर मी सांगितले की, म्हणूनच याचा भाव कमी आहे. त्यांनी तो भाव दिला व रेडिओ नेला.

त्यानंतर उन्हाळ्यात करिश्मा राऊत व त्यांचे वडील केशवराव मामांच्या नावाची चौकशी करत माझ्या दुकानावर आले. त्यांना मी पूर्वी ओळखत नव्हते. करिश्मा अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतात. केशवरावांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांकडे असाच रेडिओ होता, म्हणून करिश्मा यांनी वडिलांच्या पंचाहत्तरीला बिजवे यांच्याकडून तो विकत घेतला. वर्षभर साठवलेली रक्कम त्यात गेली. बिजवे यांनी मला दिलेल्या किमतीच्या ती किती पट होती, हे ऐकून मी हातातला हार खाली ठेवला. पण त्यांचे त्याबद्दल गाऱ्हाणे नव्हते. रेडिओ महिनाभरात बंद पडला व दुरुस्त करणाऱ्याने आतले भाग देशी असल्याचे सांगून तो तसाच परत केला, हे गाऱ्हाणे होते. बिजवे यांचे म्हणणे की त्या दुरुस्तीवाल्यानेच मूळ भाग काढून घेतले असतील.

करिश्मा यांनी मला रेडिओसोबत मिळालेला छापील कागद दाखवला. त्यावर मामांचा एसटीच्या वर्दीतला फोटो होता. तो फोटो बिजवे यांनी मामांच्या घरी भिंतीवरून मोबाईलमध्ये काढला होता, तेव्हा मला वाटले होते की त्यांना मामांबद्दल आदर आहे. फोटोखाली लिहिले होते की, हा रेडिओ रामराव अढाऊ यांच्या संग्रहातील असून सर्व भाग मूळ कंपनीचे असल्याची त्यांची खात्री आहे.

मी केशवरावांना बसायला खुर्ची दिली. मग सांगितले की, हे खोटे आहे, माझ्या मामांनी अशी खात्री कोणाला दिलेली नाही, आतले काम माझे आहे. करिश्मा यांनी विचारले की, हे पोलिसांसमोर सांगाल का. मी हो म्हटले.

करिश्मा यांनी बिजवे यांना फोनवर माझे म्हणणे कळवले, व दुसऱ्याच दिवशी बिजवे दुकानावर आले. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांनी आधी मुलांची चौकशी केली. मग म्हणाले की, मामांच्या घरात उरलेले सगळे रेडिओ मी घेतो, तुम्ही मागाल त्या भावाने, आजच टेम्पो बोलावतो. मी विचारले, बदल्यात काय. ते म्हणाले, "काही नाई. पोलिसाईनं विचारलं तर म्हना, मले आतलं काही समजत नाई, थे मामाच जानत होते. मेलेल्या मानसाले कोन विचारायले जाते?"

मी त्यांना लगेच नकार दिला नाही, हे खरे आहे. रेडिओ माझे नव्हते. मामांचे घर विकले जात नव्हते, शेखरच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता व त्याने दोनदा फोन करून किती रेडिओ राहिले असे विचारले होते. मी नाही म्हटले असते तर नुकसान त्याचे होणार होते. म्हणून मी बिजवे यांना सांगितले की, ज्याचा माल त्याला विचारून कळवते.

संध्याकाळी मी शेखरला फोन करून सगळे सांगितले. काहीही लपवले नाही, बिजवे यांनी सांगितलेला भावसुद्धा सांगितला. मग म्हणाला की, ताई, उद्या बोलतो. त्या रात्री मी नीट जेवले नाही. शेखरने "घेऊन टाक" म्हटले तर काय करायचे, हे मला ठरवता येत नव्हते. दिलीप यांनी विचारले की, तो हो म्हणाला तर तू खोटे बोलशील का. मी ताट उचलून मोरीत ठेवले.

सकाळी शेखरचा फोन आला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे सांगते. तो म्हणाला, "ताई, मी लहान होतो तवा बाबाले वाटे का मी रेडिओ शिकावं. मी शिकलो नाई. तू शिकली. मंग तुले येते थे येत नाई असं तू माह्यासाठी काहून म्हनशील? पोरीच्या फीचं मी पाहतो." नंतर तो मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलला. मी फक्त हूं हूं केले.

त्याच दिवशी मी बिजवे यांना फोन करून नाही सांगितले. ते म्हणाले की, तुमच्याकडून आता कोणी रेडिओ घेणार नाही, व्यापाऱ्यांमध्ये मी सांगून ठेवतो. मी म्हटले, ठीक आहे.

आज पंचांसमोर सदर रेडिओची मागची फळी काढण्यात आली, तेव्हा मी, करिश्मा, केशवराव व बिजवे हजर होतो. बिजवे यांनी तपास करणाऱ्या साहेबांना सांगितले की, ही बाई हार विकते, हिला रेडिओतले काय समजणार, कोणीतरी शिकवून पाठवली आहे. साहेबांनी मला विचारले की, आतले काम तुमचेच कशावरून. मी त्यांना आत वाकून पाहायला सांगितले. आतल्या तारांची जुडी पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधलेली आहे. तो हाराचा दोरा आहे. मामांकडे तारा बांधायची पट्टी संपली होती, म्हणून मी दुकानातली दोऱ्याची रीळ आणली होती. त्याला मारलेली गाठ शेवंतीच्या वेणीची आहे. ती मी साहेबांसमोर माझ्या पिशवीतल्या दोऱ्याने पुन्हा मारून दाखवली. पंचांनी दोन्ही गाठी पाहिल्या. दुरुस्तीवाल्याने मूळ भाग काढले असते तर ही गाठ सोडावी लागली असती. ती सुटलेली नाही.

त्यानंतर बिजवे यांनी करिश्मा यांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवली. त्याबाबत जो निर्णय घ्यायचा तो करिश्मा व पोलीस घेतील.

रेडिओ बंद का पडला, असे मला विचारण्यात आले. टेम्पोतून नेताना धक्का बसून एक व्हॉल्व्ह सैल झाला असावा व हळूहळू आपल्या जागेतून वर सरकला आहे, ते फळी काढल्यावर दिसते. तो नुसता दाबून बसवायचा आहे. मुद्देमाल असल्यामुळे मी हात लावला नाही. हात मागे धरून उभी राहिले.

केशवरावांनी मला बाहेर बाकावर विचारले की, पैसे परत मिळाले तर हा रेडिओ मला तुम्ही लावलेल्या किमतीत मिळेल का. मी म्हटले, रेडिओ आता माझा नाही, पण आतले देशी आहे हे माहीत असूनही हाच काहून पाहिजे? ते म्हणाले, "आमच्या बापाचाबी असाच होता, बाई. पेटी गोऱ्या साहेबाची अन् आतलं गावातल्या मानसानं जोडलेलं. तो बोलायचा, आमाले तेवढंच पाहिजे होतं."

मामांच्या घरात अजून रेडिओ शिल्लक आहेत. व्यापारी आता येत नाहीत. लोक येतात, एकेक नेतात. वेळ लागेल. शेखरची त्याला हरकत नाही.

बिजवे यांच्याशी माझे पूर्वीचे वैर नाही. त्यांनी दिलेल्या भावाबद्दल माझी तक्रार नाही. मामांच्या नावाने छापलेले कागद ज्यांना ज्यांना दिले असतील त्यांच्याकडून ते परत घ्यावेत, एवढी माझी विनंती आहे. हा जबाब मी कोणाच्या सांगण्यावरून देत नाही. कोर्टात बोलावले तर तिथेही येईन. तिथे मला विचारले की आतले काम कोणाचे, तर शिकवणारे रामराव अढाऊ व करणारी मी, असे सांगेन. माझ्याऐवजी मामांनी ते सांगण्याची गरज आता राहिलेली नाही.

माझा जबाब मी सांगितला तसाच संगणकावर लिहिण्यात आला. महिला हवालदारांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी "मदत केली" असे लिहिले होते, ते मी सांगून "काम केले" असे दुरुस्त करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सही : नीलम दिलीप गुल्हाने

समक्ष : महिला पोलीस हवालदार