दुखेल का?

आयझॅकचं इस्रायलहून आलेलं पत्र कमळाकरांच्या खिशात महिनाभर पडून होतं. “रोह्यातलं आमचं घर पाडलं म्हणे. येऊन जागा बघावी म्हणतो. फार दुखेल का? खरं सांग.” बालमित्राला काय कळवावं, ते त्यांना सुचत नव्हतं. लिहिलेलं प्रत्येक उत्तर त्यांनी फाडलं होतं.

आज रोह्यातल्या दातांच्या दवाखान्यात ते नंबर लावून बसले होते. शेजारी एक सासू आणि सून होत्या.

“नमिता गो, ऊठ. मला नाय करायचं रूट कॅनल.”

“आई, दात अर्धवट सोडून कसं चालंल?”

“पेणच्या डॉक्टरनी दातात हातानं सुया घासल्या, मी रातभर भिंतीला डोकं टेकून बसले. तू म्हणालेलीस, कायसुद्धा दुखणार नाय!”

“हितं मशीननं करतात. हातानं घासताना दातातला चुरा मुळाखाली जास्त ढकलला जातो, म्हणून मागनं ठणकतं. मशीन तो वर ओढते.”

“म्हंजे आता दुखणार नाय?”

सुनेनं हातातली नंबराची चिठ्ठी उलटून पाहिली.

“बोल की! का परत फशिवतेस?”

“दुखंल, आई. मागच्यापेक्षा कमी, पण आज रात्री दुखंल.”

“मंग?”

“मी उशाशी बसेन.”

“घोरशील तू.”

“मंग हाक मारा.”

“धोंडुबाई म्हात्रे!” आतून पुकारा झाला.

“पिशवी धर. आन् हितनं हलू नको.”

आपला दात दाखवून झाल्यावर कमळाकर दवाखान्यातून थेट पोस्टात गेले. “दुखेल, आयझॅक. मी बरोबर येईन. ये.” एवढंच लिहून, पुन्हा वाचायच्या आत, त्यांनी लिफाफा पेटीत टाकला.