झिजलेलं बुश

मच्छिंद्र हे लिहिणारच नव्हता, अजूनबी त्याचं मन खातंय. नवीन जालन्यात दोस्त कारभारीच्या गॅरेजात तो मोटारसायकलीसाठी थांबल्ता. तिथं शेठच्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट गाडीचा डायवर रायभान आल्ता.

"गेर घट्ट करू नको, कारभारी."

"मामा, दांडा म्हशीच्या शेपटावानी हालून राह्यला! दांडा धरून ठेवणारं आतलं बुश पार झिजलंय. नवीन आणलंय मी."

"हालू दे. तिसरा कुठं लागतो ते मलाच म्हाईत हाये. घट्ट झाला की शेठचं पोरगं सोताच चालवंल. मंग मला कोण ठेवंल?"

"शेठनंच सांगितलं ना पण."

"बावीस वर्सं झाली रे. सांग, बुश भेटलं न्हाई म्हून."

कारभारीनं जुनंच बुश परत बसवलं. रायभान हसत हसत गाडी घेऊन गेला.

"काऱ्या, शेठ बोंबलंल की!" मच्छिंद्र म्हणला.

"न्हाई बोंबलत. गाडी इकली त्यानं. बेस्तरवारी पुण्याची पार्टी नेणार हाये. त्याच्या आदल्या दिशी घट्ट करतो. तवर चालवू दे मामाला. तू त्याला बोलू नको."

"न्हाई बोलत. तुझी शप्पथ."